आठ दिवस बसलेली आजी

सानपाड्यात मी दवाखाना उघडला, त्याच्या दुसऱ्या महिन्यात ती यायला लागली. तिथल्याच जुन्या गावातली म्हातारी. कितीही सांगितलं तरी चपला दाराबाहेरच काढायची. नंबर आला की शेजारच्याला म्हणायची, "तू जा, मना घाई नाय." दवाखाना बंद व्हायच्या वेळी गुडघ्यांवर हात टेकून उठायची आणि न दाखवताच निघून जायची.

मला वाटलं, पंख्याखाली बसायला येते. तशीही माझी चिडचिड चालली होती. पेशंट मोजकेच, आणि ड्रॉवरमध्ये मोठ्या हॉस्पिटलातल्या नोकरीचं पत्र पडलेलं. आठव्या दिवशी विचारलंच, "आजी, तुम्हाला होतंय तरी काय?"

"मना काय व्हनार? सुनंचा नववा महिना हाय. पोर कुनाच्या हातान द्याचा, ता बघते." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तू लोकांचा आयकून घेतंस. पन हात लय थंड हायत तुजे."

त्यानंतर महिनाभर ती आलीच नाही. मग सुनेला घेऊन आली, दोघीही चपला बाहेर काढूनच. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आजीने पुढे केलं, पण माझ्या हातात न देता तशीच थांबली. माझ्या लक्षात आलं. मी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, गालाला लावून पाहिले, मगच बाळ घेतलं. तेव्हा कुठे ती हसली.

"ह्याच्या लगनापरत हायस ना हितं?"

"आहे की," मी म्हणालो.

ड्रॉवरमधलं पत्र मला आठवलं ते ती गेल्यावर.