पुढच्या सीटचा मान

"देव काढला म्हणजे? काढला म्हणजे काय?" मैनाचा नवरा भगीरथ अंगणातून ओरडत होता. "देव काय कुकरची शिटी हाय का, वाटलं तवा काढली?"

"कुकरची शिटी तरी जागेवर असते," मैना म्हणाली. तिच्या हातात उलथणं होतं आणि उलथण्याच्या पात्याला वाळलेला पिवळा गोंद. "तुमचा देव नको त्या जागी बसवलावता."

"माझा देव? तुझा नाय?"

"माझा देव्हाऱ्यात हाय. हा बी आता तिथंच हाय. जावा, बघा. हळदकुंकू लावून बसवलाय, रुसलेला नाय."

शेजारची जया कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. एकच ओलं लुगडं ती मघापासून झटकत होती, कारण आत गेली असती तर पुढचं ऐकू आलं नसतं. अनिल गाडीत अर्धा वाकून डॅशबोर्डवर बोट फिरवत होता. "आये, ओरखडा पडला ना! उलथण्यानं कोण काढतं गो?"

"मग काय विळीनं काढू?"

भांडण देवावरून दिसत असलं तरी ते खरं बाळावरून होतं. दुसऱ्या दिवशी आटगावला जाऊन सून रुपाली आणि सव्वा महिन्याचा नातू घरी आणायचा होता. हे घर मुरबाडहून धसईकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. या घराची एक जुनी चाल होती. घरातलं पहिलं मूल आजोळाहून येताना बैलगाडीत सगळ्यांत पुढं यायचं, आजीच्या मांडीवर. शीव ओलांडली की आजी त्याचं तोंड समोर करायची आणि मूल आपलं गाव पहिल्यांदा बघायचं ते बैलांच्या शिंगांमधून. असं गाव बघितलेलं मूल कुठंही गेलं तरी घराकडे परत येतं, असं म्हणत.

अनिल असाच आला होता. तेव्हा पुढं बसली होती मैनाची सासू. मैना मागं, रस्त्याकडे पाठ करून, बोचकी आणि लाडवांचा डबा सांभाळत. आपल्या पहिल्या मुलानं गाव कसं बघितलं, हसला की रडला, हे तिला कळलंच नाही. सगळ्या वाटेत तिला दिसली ती धूळ, आणि मान वळवली की सासूची पाठ. तेव्हाच तिनं मनात धरलं होतं, एक दिवस आपणही पुढं बसू. आता बैल गेले होते, शिंगांच्या जागी गाडीचं बॉनेट आलं होतं, पण चाल तीच. मोरपंखी पातळ इस्त्री करून ठेवलं होतं. ते कुठं नेसून बसायचं, हे आळीतल्या प्रत्येकीला निदान एकदा सांगून झालं होतं.

आणि त्याच सीटपुढचा देव तिनंच उलथण्यानं काढला होता.

मैनाचा स्वभाव असा की घरात वस्तू आली की तिच्या पोटात काय आहे ते कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. मिक्सर आला तेव्हा पहिली चटणी वाटायच्या आधी तिनं तो उलटा करून बघितला. गॅस आला तेव्हा सिलेंडरवाल्याला रेग्युलेटर इतक्या वेळा लावायला आणि काढायला लावला की तो म्हणाला, "मावशी, मीच चहा करून देऊन जातो."

दोन हजार सात सालात अनिलनं गाडी घेतली. मुरबाडच्या कारखान्यात तो कामाला होता, तिथल्या साहेबांनी नवी घेतली आणि जुनी याला दिली. चंदेरी, लांब डिकीची. अनिलला तिच्यातलं स्टिअरिंग आणि टेप आवडला. भगीरथला हॉर्न. भगीरथनं उभा जन्म भेंडी-काकडीचा टेम्पो कल्याणच्या मार्केटला नेला होता. त्या टेम्पोचा काटा कायमचा एका आकड्यावर झोपलेला असे आणि टाकीत डिझेल किती ते काठी घालून बघावं लागे. "गाडी कानानं चालवायची," तो सांगायचा, "दिवे बघून नाय."

मैना मात्र दुपारी सूप घेऊन उभ्या गाडीत बसायची. तांदूळ निवडता निवडता एकेक बटण दाबून बघायची. किल्ली अर्धीच फिरवायची, एवढं अनिलनं शिकवलं होतं. एकदा कोरड्या काचेवर वायपर सुरू झाले आणि बॉनेटवर बसलेली कोंबडी ओरडत जयाच्या अंगणात जाऊन पडली. एकदा चारी बाजूंचे पिवळे दिवे लुकलुकायला लागले, तर जयाचा नवरा विठू विचारायला आला, "कुठं निघालात सगळे?" एकदा पुढचे दिवे रात्रभर चालू राहिले आणि सकाळी गाडी ढिम्म. आळी लोटून गाडी ढकलत होती आणि मैना सगळ्यांत मागं, पदर खोचून. "मीच चालू ठेवलेवते, तर मी नको का ढकलू?"

असं करत करत तिला दिवे ओळखता यायला लागले. झारीचं चित्र म्हणजे इंजिनातलं तेल. पाण्यात बुडवलेली काडी म्हणजे पाणी तापलं. किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदम लागायचे आणि शाळा सुटल्यासारखे एकेक निघून जायचे. त्यात एक चित्र होतं, बसलेलं माणूस आणि पोटापुढं गोल चेंडू.

"अनिल, ही पोटुशी बाई कशाला रे काढलीय हितं?"

"असेल काहीतरी."

दसऱ्याला गाडीच्या पूजेच्या दिवशी अनिलनं डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर वीतभर पितळेचा गणपती गोंदानं पक्का चिकटवला. भोवती लुकलुकणाऱ्या बल्बांची माळ, आणि माळेची वायर तिथल्याच झाकणाच्या फटीतून आत खुपसलेली. गणपती सुंदर दिसत होता. पण त्या दिवसापासून बाकीचे दिवे निघून गेले तरी पोटुशी बाई तेवढी लालभडक बसून राहायला लागली. मैनानं दोनदा सांगितलं, कुणी ऐकलं नाही. मग एक दिवस ती बाईही दिसेनाशी झाली. बाळंतपणाला माहेरी गेली असेल, असं म्हणून मैनानं विषय सोडला.

मग आला गेल्या आठवड्यातला रविवार. बाळाला बघून आटगावहून परत येताना हायवेवर गर्दी दिसली. नाशिककडची एक पांढरी गाडी ट्रकवर मागून धडकली होती. गाडीचं नाक चेपून पार आत गेलेलं, आणि गाडीवाला चहाच्या टपरीवर बसून चहा पीत होता! भगीरथ आणि अनिल इतर पुरुषांबरोबर ब्रेकची चर्चा करायला उभे राहिले. मैना गाडीच्या खिडकीतून आत डोकावली.

आत दोन पांढऱ्या पिशव्या लोंबत होत्या, पिळून टाकलेल्या उशीच्या खोळींसारख्या. एक स्टिअरिंगमधून आलेली, दुसरी डाव्या बाजूच्या डॅशबोर्डमधून. डावीकडचं झाकण आतून उकललं होतं, फणस उकलावा तसं. त्या झाकणावर गोंदाचा गोल डाग होता आणि एक सुकलेलं झेंडूचं फूल. म्हणजे इथंही देव होता. मैनानं शोधला. देव मागच्या सीटच्या पाठीत रुतून बसला होता, डोक्यापर्यंत.

ती टपरीवर गेली. गाडीवाल्याचा चेहरा आणि हात काथ्यानं घासल्यासारखे लाल झाले होते. चष्म्याची एकच काडी त्याच्या हातात उरली होती.

"त्या पिशव्यांनी वाचवलं मावशी," तो म्हणाला. "एअरबॅग. मोठी टक्कर झाली की आपोआप फुगते. स्टिअरिंगवर छाती आपटली असती, ती नाही आपटली. पण उशी समजू नका. डोळा मिटायच्या आत येते आणि थोबाडीत दिल्यासारखी लागते."

"बाजूला कोण बसलं व्हतं?"

"कोणी नाही. देवाची कृपा."

देव तर मागच्या सीटवर जाऊन बसलाय, असं मैनाच्या ओठांवर आलं होतं. पण बिचाऱ्यानं त्या काडीसकट हात जोडले होते.

घरी आल्यावर तिनं आपल्या गणपतीच्या पायाखालची माळ बाजूला केली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण अक्षरांचं वळण कळत होतं. त्या उकललेल्या झाकणावर जी अक्षरं होती, तीच इथं होती. मग वर ऊन अडवायची फळी तिनं खाली ओढली. तिथं एक चित्र पहिल्यापासून होतं. पुढच्या सीटवर तान्हं बाळ, समोर फुगलेली पिशवी आणि वर लाल फुली. भगीरथनं मागं एकदा त्याचा अर्थ सांगितला होता, "पोरांनी पुढं बसून बटणं दाबू नयेत म्हणून." मैना त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःच्या मांडीकडे. मांडीवरच्या बाळाचं डोकं बरोबर कुठं येईल, ते तिनं हातानं धरून बघितलं.

आठवडाभर ती घरात हेच सांगत होती आणि आठवडाभर दोघं हं, हं करत होते. म्हणून आज उलथणं.

"एका गाडीत झालं म्हणून सगळ्या गाड्यांत होतं का?" भगीरथ आता ओटीवर येऊन बसला होता. "जन्मभर टेम्पो चालवला. आपटलो का कधी?"

"टेम्पोत आपटायला काय व्हतं? पुढं पत्रा आन् तुमी."

अनिल हसला. मैना त्याच्याकडे वळली. "तू हसू नको. ती पोटुशी बाई कुठं गेली ते सांग."

अनिल तुळशीकडे बघायला लागला.

"सांग की."

"काळी पट्टी लावली. लाल उजेड डोळ्यांत जात व्हता."

"काढ."

त्यानं नखानं पट्टी सोलली आणि किल्ली फिरवली. बाकीचे दिवे आले आणि गेले. बाई तशीच, लाल, पोटापुढं चेंडू घेऊन. आता तो चेंडू कसला, हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

"वायर खुपसलीस तवापासून बसलीय ती," मैना म्हणाली.

अनिलनं डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "पण आये, दिवा लागलाय म्हणजे बॅग बिघडलीय. बिघडलेली फुगतच नसेल. मग बाळाला धोका कसला?"

"बघ! मिटलं," भगीरथ म्हणाला. "देव परत बसव."

"आन् मधेच फुगली तर? बिघडलेल्या माणसाचा भरवसा नाय, बिघडलेल्या पिशवीचा धरू? बरं, नाय फुगली. मग बाळाला धरणार कोण?"

"तू," भगीरथ म्हणाला. "मांडीवर घट्ट धरायचं."

"रविवारी म्हशीपुढं ब्रेक मारलास, अनिल. तवा माझ्या मांडीवरचा डबा कुठं गेला?"

"डबा व्हता तो."

"दोन्ही हातांनी धरलावता. घट्ट. काचेवर जाऊन आपटला, सगळे लाडू पायाशी. मी सांडलेले लाडू गोळा केले. नातू कसा गोळा करू?"

जयानं अखेर लुगडं दोरीवर टाकलं.

मग भगीरथनं ठेवणीतलं काढलं. "लोक काय म्हणतील? भगीरथच्या घरचं पहिलं पोर मागनं आणलं, सामानासारखं. आन् पुढं बसायची हौस कुणाला व्हती? साऱ्या आळीला पातळ दाखवून आलीस. आता तूच नाय म्हणतेस?"

हे मात्र लागलं. मैना उलथणं घेऊन चुलीकडे गेली. गोंद निघेना, म्हणून राख घेऊन घासत बसली. हौस होती, यात खोटं काय? उद्या ती पुढं बसली असती, शीव आली असती, समोर शेतं, चिंच, शाळेची कौलं, आणि मांडीवरून बाळानं बघितलं असतं. आणि मागं रुपाली बसली असती, बोचकी सांभाळत. तिलाही काही दिसलं नसतं. तिला मैनाची पाठ दिसली असती.

राखेचा हात पदराला न पुसता मैना उठली. गाडीत जाऊन मागच्या सीटची फट उचकली. तिथं दोन पट्टे दडपलेले होते, गाडी आल्यापासून कुणी न काढलेले. एकाला जुनं चॉकलेट चिकटलं होतं. तिनं ते ओल्या फडक्यानं पुसले, कुलूप खट्‌कन बसतं का ते ओढून बघितलं, आणि ओटीवर परत आली. भगीरथनं पान जुळवायला घेतलं होतं. अनिल चपला घालत होता.

"ऐका दोघंबी," ती म्हणाली. "उद्या रुपाली बाळाला घेऊन मागं बसल, पट्टा लावून. मी तिच्या बाजूला. पुढं तुमी बसा, तुमीबी पट्टा लावून. अनिल, सोमवारी गाडी गॅरेजला न्यायची आन् ती वायर बाहेर काढायची. उद्या गाडी बैलगाडीसारखी हळू चालवायची आन् शिवेवर थांबवायची. तिथं मी आन् रुपाली बाळाला घेऊन उतरू आन् घरापर्यंत चालत येऊ, बाळाचं तोंड समोर करून. गाव बघून ते हसतं का रडतं, ते त्याच्या आईलाबी दिसू दे."