जित्या मेंढरांचा पैसा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका मेंढीच्या लोकरीतली कुसळं काढणं. हिनं मेंढीचं तोंड मांडीत दाबून धरलं होतं, मी मागच्या अंगाला बसलो होतो. म्हणाली, "आवं, शेपटाकडं नीट बघा. तिथंच किडं पडत्यात."

"मग तूच ये की हिकडं."

"आन् तोंड कोण धरणार? तुमाला बघून बिथरतीया ती."

मेंढी सुटून पळाली. छातीत कळ येती म्हणून ही छपराखाली आडवी झाली. चहाला हाक मारली तर उठली नाही. दुपार कलायच्या आत गेली. आजारपण नाही, औषध नाही, काही नाही.

आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालावं लागतं. ते भावानं आणायचं. त्याशिवाय तिला उचलत नाहीत. हिला एकच भाऊ, पाठचा. त्याच्या मेंढरांचा तळ तेव्हा रहिमतपूरच्या बाजूला होता. शेजारच्याला फटफटीवरून निरोप द्यायला धाडलं आणि आम्ही बसून राहिलो. येईल का नाही, कुणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षं तो आमच्या दाराला आला नव्हता, आणि त्याला कारण विमा.

हसू नका. विम्यानं भाऊ तुटतो. मी बघितलंय.

आम्ही माणदेशाकडची माणसं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि कृष्णाकाठाला उतरायचं. बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पावसाळ्याला माघारी फिरायचं. अशा लोकांना विमा कसा लागू पडावा? पहिला विमा मेंढराच्या कानातल्या बिल्ल्याचा आला. मेंढरू मेलं की बिल्ल्यासकट कान कापून दाखवायचा, वर डॉक्टरचा कागद. आता शिराळ्याच्या डोंगरात मेंढरू मेलं तर डॉक्टर कुठनं आणायचा? तोवर कोल्ही पण जेवून गेलेली असायची.

मग दोन हजार सालानंतर कधीतरी एका संस्थेचा साहेब नवाच विमा घेऊन आला. आमच्या तालुक्याच्या कचेरीमागं पाऊस मोजायचं भांडं असतं. त्या भांड्यात ठरलेल्या खुणेपेक्षा कमी पाणी पडलं, की विमा घेतलेल्या सगळ्यांना पैसे. कान नको, कागद नको. साहेबानं फळ्यावर रेघा मारून लय वेळ समजावलं. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. मेंढरू मेलं तर किती देणार?"

साहेब म्हणाला, "मेंढरू मेलं तर काही नाही."

झालं. सगळ्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि उठले.

बायकांतनं ही ओरडली, "बसा गप! मला कळलंय." आणि पुढं येऊन म्हणाली, "ह्यो इमा मेंढराचा न्हाईच. ह्यो गवताचा हाय. पाऊस न्हाई तर गवात न्हाई. गवात न्हाई तर तुमी चारा इकत घेनार, का मेंढरू खाटकाला देनार? ते देऊ नये म्हनून आदीच पैसं."

तेव्हापासनं संस्था आम्हा दोघांनाच तळातळावर पाठवू लागली. ही बोलायची. मी काचेची बरणी धरून उभा असायचो. बरणीवर रंगानं खूण केलेली, ही तांब्यानं पाणी ओतून दाखवायची. एका तळावर एक टवाळ म्हणाला, "वैनी, रातचं जाऊन भांड्यात मुतलं तर?"

"मुत की! पानी वाढंल, पैसं बुडतील. तुझंबी आन् तुझ्या बापाचंबी."

हसून हसून लोकं लोळली, आणि विमा त्यांच्या डोक्यात बसला. साहेबाच्या फळ्यानं जे झालं नाही, ते त्या मुतण्यानं झालं.

तिचा भाऊ तिच्या शब्दावर विम्यात आला. त्याला काही कळलं नव्हतं. पहिल्याच साली भांडं कोरडं राहिलं आणि पैसे मिळाले. पण त्याची मेंढरं तेव्हा शिराळ्याकडच्या हिरव्या गवतात होती, चांगली पोसलेली. एकही मेलं नव्हतं. हातात नोटा घेऊन तो निखारा धरल्यासारखा उभा राहिला.

"आक्का, माझी मेंढरं जिती हायती. मग हे पैसं कुनाच्या मढ्याचं?"

"मढ्याचं न्हाईत रं. गवताचं."

"मढ्याचा पैसा जित्या कळपात आनला तर मढं मागनं येतंय."

त्यानं ते पैसे देवाच्या पायरीवर नेऊन ठेवले. ही तशीच मागोमाग गेली, उचलून आणले आणि त्याच्यासमोर त्या पैशांचा कडबा घेऊन दिला. "देव काय गवात खातुय व्हय? मेंढरास्नी घाल." त्यानं घातला. बहिणीचा शब्द मोडला नाही.

पुढच्या साली पाऊस झाला, भांडं भरलं. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गारा पडल्या. त्याचा तळ उघड्या माळावर होता. सकाळी वाघरीच्या आत मेंढरांचा ढीग. वाघर म्हणजे आमचं दोरीचं जाळं, मेंढरांभोवती लावतात. ती एकमेकांच्या अंगावर चढून मेली होती, कोकरं खाली. आम्ही गेलो तेव्हा तो त्या ढिगातनं कोकरं ओढून काढत होता, एखादं जितं आहे का म्हणून. संस्था म्हणाली, भांड्यात पाणी भरपूर आहे, पैसे बसत नाहीत. नियमानं बरोबरच होतं. ही समजावायला लागली, "आरं, ह्यो गारांचा इमा न्हाई, ऐक तरी..."

तो मध्येच उठला. "जिती व्हती तवा पैसं दिलंस, मेली तवा न्हाई. त्यो कडबा खाल्ला माझ्या मेंढरांनी, आक्का. तू चारलास." आणि चालायला लागला. त्यानंतर बोलला नाही. दिवाळीला ही लाडू घेऊन त्याच्या वाटेवर जाऊन बसली, तर त्यानं कळप दुसऱ्या अंगानं वळवला. त्या दोन भाऊबीजांना हिनं चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेली बाई ओवाळते तसं.

शिकवायचं काम हिनं सोडलं नाही. फक्त तळावर गेली की आधी हेच सांगायची, "पाऊस पडला आन् गारांनी मेंढरू मेलं, तर छदाम मिळायचा न्हाई. हे आदी ऐका, मग आंगठा द्या." पुढं लोकं हसेनात. आंगठेही कमी झाले.

साहेब म्हणायचा, "मावशी, असं सांगितल्यावर कोण घेणार?"

"नका घिऊ. पर माझ्या भावावानी कुनी फसल्यागत वाटून घिऊ नये."

मला आता वाटतं, ती छातीतली कळ दोन वर्षांपूर्वीच आली होती. पण असं डॉक्टर मानत नाहीत.

तर आम्ही वाट बघत बसलो. ऊन उतरलं. भावकीतल्या बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हातारी मला म्हणाली, "दुकानातनं आना एक लुगडं, आन् म्हायेरचं म्हना. मेलेल्या मानसाला काय कळतंय?"

मी म्हणालो, "मला कळतंय की."

दिवस बुडायला आला तेव्हा तो आला. काखेत हिरवं लुगडं, कागदाची घडी तशीच. माझ्याकडं बघितलं नाही. लुगडं बायकांच्या हातात दिलं. बहिणीच्या पायावर डोकं टेकलं, ते लय वेळ उचललं नाही. चिता पेटेपर्यंत लांब उभा राहिला. माघारी आल्यावर कडू घास खायला थांबला नाही. पाणीही घेतलं नाही. रीत केली आणि गेला. माझ्या मनात आलं, हे असंच राहणार. ती गेली, आता कोण कुणाची समजूत काढणार.

सकाळी मी पहिल्या एसटीनं त्याच्या तळावर गेलो. सुतकात दुसऱ्याच्या कळपाजवळ जात नाहीत, त्यात हा तर असल्या गोष्टींना भिणारा. म्हणून वाघरीच्या बाहेरच उभा राहिलो. तो मेंढरं सोडायच्या बेतात होता.

"दाजी, सुतकात कशाला आला?"

"आत येत न्हाई. भायेरच हाय मी."

तो काठी उचलायला वाकला. मग म्हणाला, "लुगडं बरं दिसत व्हतं का? मला बघवलं न्हाई."

"बरं दिसत व्हतं."

मेंढरं जाळ्याला ढुशा देत होती. त्यानं गाठ सोडायला हात घातला आणि तसाच ठेवला.

"त्या दिशी आक्का सांगत व्हती आन् मी उठून गेलो. म्होरं काय सांगनार व्हती ती?"

"आता ऐकून काय करतुस, गड्या?"

"काय न्हाई. ती म्हनत व्हती, ऐक तरी."

त्यानं गाठ पुन्हा आवळली आणि जाळ्याच्या पलीकडं उकिडवा बसला. मीही अलीकडं मातीत बसलो, आणि बोटानं जमिनीवर एक भांडं काढलं.