तेलरंगाखालची अक्षरं

आमच्या गावातलं महादेवाचं देऊळ पाडायचं ठरलं, हे मला माझ्या सासऱ्यांकडूनच कळलं. मामंजी देवस्थान कमिटीचे प्रमुख. पेठ वडगावच्या इंजिनिअरकडून आल्या आल्या त्यांनी नव्या देवळाचा नकाशा सोप्यात पसरला. मी गावातल्याच शाळेत इतिहास शिकवते.

"सिमेंटचं हुईल. उंच शिखर, आत फरशी," ते म्हणाले. "हे दगडी देऊळ गळतंय."

"मामंजी, पाडायच्या आधी खांबांवरचा तेलरंग काढून बघू द्या मला."

"कशाला?"

"आपण काय पाडतोय ते तरी कळू दे."

त्यांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "शिवरात्रीपतूर. त्याच्या म्होरं आडवं यायचं न्हाय."

हातात दोन महिने होते. कोल्हापुरात शिलालेख वाचणारे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना फोन केला, तर त्यांनी बजावलं, दगडाला लोखंड लावायचं नाही. शाहूपुरीतून रंग मऊ करायचं औषध आणलं, घरी बांबूच्या कामट्या तासल्या, आणि शाळा सुटली की रोज देवळात जाऊन बसू लागले. निळ्याखाली गुलाबी, गुलाबीखाली हिरवा, त्याखाली चुना. पंधरा दिवसांनी पहिला खांब मोकळा झाला आणि त्यावर काहीच निघालं नाही. बोटांची सालटी गेली होती. "मास्तरीणबाईस्नी घरात काम न्हाय वाटतं," असं कुणीतरी मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललं. मी दुसरा खांब धरला.

देवळाची पूजा गुरवांकडं आहे. त्यांची थोरली सून रोज दिवाबत्तीला यायची, मला बघायची आणि जायची. एका संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन थांबली.

"बाई, खांब कशाला घासताय? हिकडं या."

गाभाऱ्याच्या दाराशेजारच्या दगडावर तिनं माझा हात ठेवला. "सासरी आल्यापास्नं हितं हात टेकून आत जाते. दगूड खडबडीत लागतोय. काय तरी हाय की हितं."

त्या दगडावरचा रंग काढायला आम्ही दोघी मिळून बसलो. चौथ्या दिवशी वर सूर्य-चंद्र दिसले, आणि त्यांच्या खाली ओळीनं अक्षरं. आम्हा दोघींना त्यातलं एकही वाचता येईना.

प्राध्यापक आले. त्यांनी ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवला, वर शाई फिरवून ठसा घेतला. बघायला निम्मं गाव जमलं, मामंजीही होते. लिपी जुनी कन्नड निघाली, आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या शिलाहारांच्या काळातली. प्राध्यापक थांबत थांबत सांगू लागले. गावच्या तळ्याच्या पश्चिमेचा फुलांचा मळा एका बाईनं देवाला दिला होता, रोजच्या पूजेच्या फुलांसाठी. तिच्या नावाच्या जागी मात्र दगडाचा टवका उडाला होता.

"बाईनं दिला?" गुरवांच्या सुनेनं विचारलं.

"होय, बाईनंच."

मामंजी पुढं आले. "तळ्याच्या पश्चिमेला आमचा ऊस हाय," ते म्हणाले. "माझा आजा त्या रानाला फुलमळा म्हणायचा. कधी फूल बघितलं न्हाय तिथं, पर नाव त्येच."

कमिटीची बैठक दोन तास चालली. तरण्या पोरांना उंच शिखर हवं होतं, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं. शेजारच्या गावांत तशी देवळं उभी राहिलीत. शेवटी मामंजी उठले. "सभामंडप बाजूला बांधू. देवळाला हात लावायचा न्हाय. गळतंय ते मी बघतो."

पत्र्याचा मंडप झाला. तो मला आवडत नाही, पण देऊळ उभं आहे. मामंजींनी छताच्या सांधीत चुना भरून घेतला. उसाच्या कडेची एक पट्टी सोडून तिथं झेंडू लावला.

अजून सहा खांब रंगाखाली आहेत. रविवारी आता गावातल्या आम्ही पाचजणी रंग काढायला बसतो.