दहा मिनिटांनी काय करायचं?

महाडच्या बाजारात फ्लेक्स छापायचं एक लहानसं दुकान आहे. तिथे कॉम्प्युटरवर बसते ती उज्वला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिची वाडी. रोज एसटीने ये-जा. शाळेत तिला इंग्रजीची धास्तीच होती. पण दुकानात इंग्रजी वाक्यं रोज हाताखालून जायला लागली आणि तिला त्यांची गोडी लागली. रद्दीत मिळालेलं व्याकरणाचं पुस्तक ती एसटीत वाचते.

गेल्या वर्षी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा इंजिनियर, हर्षद, सुरक्षेच्या बोर्डाचा मजकूर घेऊन आला. 'स्टॉप द पंप अँड ओपन द व्हॉल्व्ह आफ्टर टेन मिनिट्स.'

उज्वलाचे हात थांबले. "सर, दहा मिनिटांनी काय करायचं?"

"व्हॉल्व्ह उघडायचा. पंप लगेच बंद. सरळ आहे की."

"तुम्हाला माहीत आहे म्हणून सरळ. 'स्टॉप' आणि 'ओपन' अशी एका मापाची दोन क्रियापदं तुम्ही 'अँड'ने जोडलीत. शेवटचं क्रियाविशेषण, म्हणजे ते 'दहा मिनिटांनी', दोघांनाही लागू होऊ शकतं."

"ताई, तुम्ही फक्त छापा हो."

तिने छापलं नाही. संध्याकाळी एसटीत तिचे मोरूकाका भेटले. ते त्याच कारखान्यात कामाला. तिने त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं.

"धा मिन्टांनी पंप बंद करायचा, लगेच व्हॉल्व्ह खोलायचा," काका म्हणाले.

"नाय रे!" शेजारी बसलेला चांगू, त्यांच्याच पाळीतला, उसळला. "पंप आत्ताच बंद करायचा हाय!"

दोघांचं पोलादपूर स्टँड येईपर्यंत जुंपलं होतं.

सकाळी उज्वलाने हर्षदला फोन करून हे सांगितलं. दुपारी तो स्वतःच दुकानात आला. "मी आणखी सहा जणांना विचारलं, ताई. तिघं इकडे, तिघं तिकडे. पंप बंद केल्या केल्या कुणी व्हॉल्व्ह उघडला असता तर गरम माल अंगावर आला असता." त्याचा चेहरा उतरला होता.

उज्वलाने वाक्याचे दोन तुकडे केले आणि वेळ पुढे आणली. 'स्टॉप द पंप नाऊ. आफ्टर टेन मिनिट्स, ओपन द व्हॉल्व्ह.' खाली मोठ्या अक्षरांत मराठीही टाकलं. काका आणि चांगू, दोघांनाही वाचायला लावलं. या वेळी भांडण झालं नाही.

तेव्हापासून कारखान्याचा प्रत्येक मजकूर आधी तिच्याकडे वाचायला येतो. परवा आला: 'वेअर हेल्मेट, वेअर ग्लव्हज, वॉकिंग स्लोली.'

तिने फोन लावला. "सर, पहिले दोघं हुकूम देतायत आणि तिसरा नुसताच फिरायला निघालाय."

हर्षद मोठ्याने हसला. "मग त्यालाही रांगेत बसवा, ताई."

तिने 'वॉक स्लोली' केलं आणि मशीन सुरू केलं.