फ्लोरेन्स एकदाच विचारते

"ताई, तुम्ही तिला नापास करा ना!"

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या फ्रीमाँटहून उदयरावांचा फोन होता. मी आमच्या ट्रेनिंग कॅम्पच्या मागच्या अंगणात उभी होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचा मग. समोर नऊ माणसं स्विमसूट घालून नऊ बादल्यांपुढे उभी होती. एका बादलीत डोक्यावरून अंघोळ कशी उरकायची, हा त्या सकाळचा विषय होता.

"उदयराव, मी क्लासमध्ये आहे."

"दोनच मिनिटं. आम्ही दोघं पुण्याहून दोन बॅगा घेऊन इथे आलो. पोरीला इंजिनियर केलं. चांगली नोकरी होती हो तिला! ती सोडून आता निघाली हातपंपावर पाणी भरायला. तुम्ही नुसतं 'फिट नाही' असं लिहा. तिला कळणारसुद्धा नाही."

"असं नाही करता येत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांची ईशा तिसऱ्या बादलीपुढे उभी होती. डोक्याला शाम्पू फासून झाला होता आणि बादलीतलं पाणी संपलं होतं. ती डोळे मिटून "काकू, हेल्प!" म्हणून ओरडत होती.

आमची संस्था छोटी आहे. दरवर्षी थोडी अमेरिकन माणसं दोन वर्षांसाठी मलावी या आफ्रिकेतल्या देशात, तिथल्या खेड्यांत पाठवते. कुणी शाळेत शिकवतं, कुणी दवाखान्यात मदत करतं. निघण्याआधी तीन आठवडे प्री-डिपार्चर ट्रेनिंग असतं. आम्ही राहतो त्या मॉरिसव्हिलपासून तासभर ड्राइव्ह केलं की एक जुनी समर कॅम्पची जागा लागते, तिथे. हे ट्रेनिंग असतं ते 'अर्ली रिटर्न' टाळायला. म्हणजे दोन वर्षांसाठी गेलेला माणूस दोन महिन्यांत परत येणं. त्यात त्या माणसाचं फार बिघडत नाही. पण त्याच्या भरवशावर बसलेली शाळा वर्षभर शिक्षकाशिवाय राहते.

मी यात पडले ते योगायोगानं. नवऱ्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर आले. त्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, म्हणून या संस्थेत पाकिटांवर पत्ते चिकटवायला जायचे. एकदा शेजारच्या खोलीत एक साहेब बादलीची अंघोळ पॉवरपॉइंटवर शिकवत होते. चौदा स्लाइड्स! मला राहवेना. मी आत गेले आणि म्हटलं, बादली आणा. माझं बालपण दारव्ह्याचं. उन्हाळ्यात आम्ही पाच भावंडं दोन बादल्यांत न्हाऊन निघायचो. पुढे ग्रीन कार्ड आलं आणि मी ट्रेनर झाले. हातानं कपडे धुणं, चूल पेटवणं, मच्छरदाणी खोचणं, उकिडवं बसणं, हे सगळं माझ्याकडे. माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "याचा पगार देतात?"

ट्रेनिंगचा शेवट होमस्टेनं होतो. मूळचे मलावीचे पण आता इथेच राहणारे काही लोक आम्हाला मदत करतात. प्रत्येक व्हॉलंटियर त्यांच्यापैकी एकाच्या घरी तीन दिवस राहतो. फोन जमा. घरातली कामं करायची, घरातलंच खायचं. तीन दिवसांनी यजमान एक फॉर्म भरतात. त्यावर दोनच चौकोन असतात, रेडी आणि नॉट रेडी. यजमानाची सही नसेल तर तिकीट निघत नाही.

होमस्टेच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी ईशा माझ्या शेजारी येऊन बसली. चोवीस वर्षांची, फ्रीमाँटमध्येच जन्मलेली. मराठी चांगलं समजायचं. बोलताना मात्र दर तिसऱ्या शब्दाला गाडी इंग्लिशवर जायची.

"काकू, हँडबुकमध्ये लिहिलंय की जेवण ऑफर केलं तर लगेच ॲक्सेप्ट करायचं. पण आई तर नेहमी उलटं सांगते. पहिल्यांदाच हो म्हटलं की हावरट वाटतं म्हणते."

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, हँडबुक वाच. पण तिनं काकू म्हटलं होतं आणि मी विरघळले होते. "आई बरोबर सांगते," मी म्हटलं. "पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा हसून नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की थोडंसं घ्यायचं. अगं, खेडं म्हणजे खेडं. इकडून तिकडून सारखंच."

तिनं ते वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी माझी बॉस डायना हिनं मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर नऊ फॉर्म होते. आठ एका बाजूला आणि एक तिच्या हातात.

"ईशा नॉट रेडी," ती म्हणाली. "फ्लोरेन्सनं लिहिलंय, मुलगी कामाला चांगली आहे, पण माझं अन्न खात नाही. तिच्या बॅगेत ग्रॅनोला बारचे रॅपर सापडले. स्वतःचं लपून खाते."

फ्लोरेन्स म्हणजे ईशाची यजमानीण, मूळची मलावीची, निवृत्त नर्स. डरहॅमच्या बाहेर तिचं छोटं फार्म आहे. खोटं लिहिणाऱ्यातली नाही, आणि लिहिलेलं खोडणाऱ्यातली तर त्याहून नाही. फ्लाइटला नऊ दिवस राहिले होते.

ईशा बाहेर बाकावर बसली होती. डोळे सुजलेले. "काकू, शी आस्क्ड ओन्ली वन्स! मी नको म्हटलं आणि तिनं प्लेट उचलून नेली. दर वेळी! मी वाट बघत बसायचे. सेकंड टाइम आलाच नाही. भूक लागली म्हणून बार खाल्ले."

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं माझ्याकडे बघितलं.

"बाबांनी तुम्हाला फोन केला होता ना? मला फेल करा म्हणून?"

"केला होता."

"मग तुम्ही मुद्दाम सांगितलंत का मला ते?"

मी नाही म्हटलं. पण नुसत्या नाहीवर तिनं का विश्वास ठेवावा? तेवढ्यात माझा फोन वाजला. उदयराव. ईशानं आईला टेक्स्ट केला होता आणि बातमी फ्रीमाँटला पोचली होती. "ताई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही!" त्यांचा आवाज इतका मोठा होता की बाकावर सगळं ऐकू गेलं.

मला रडू यायचंच काय ते बाकी होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी फोन बंद केला, परत आत गेले आणि डायनाला सगळं सांगितलं. कोणी काय विचारलं, मी काय सांगितलं आणि का सांगितलं.

"म्हणजे तुमच्याकडे नो म्हणजे नो नसतं?" डायनानं विचारलं.

"जेवणाच्या बाबतीत नसतं."

"हे रिपोर्टमध्ये तुझ्या नावानं जाईल."

"जाऊ दे. पण फ्लोरेन्सकडे मला जाऊन येऊ दे."

मी ईशाला गाडीत घातलं. फ्लोरेन्सच्या दाराशी आम्ही "ओडी!" अशी हाक दिली. मलावीत दार वाजवत नाहीत, अशी हाक देतात. आतून "ओडिनी" आलं की आत जायचं. मी आत जाताच माफीचं भाषण सुरू केलं. फ्लोरेन्सनं हात वर करून मला थांबवलं.

"शैला, तू सकाळी कशी उठलीस?"

"बरी उठले. फ्लोरेन्स, ऐक ना, माझ्यामुळे..."

"मीही बरी उठले. नवरा कसा आहे? मुलगा?"

नवरा, मुलगा, पाऊस, तिचा मका, माझा गुडघा, सगळ्यांची चौकशी झाली. त्याशिवाय कामाचं बोलायचं नसतं, हे मीच दर बॅचला शिकवते. मग ती आत गेली आणि दोन ताटल्या घेऊन आली. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. बरोबर दाण्याचं कूट घातलेली भोपळ्याच्या पाल्याची भाजी. वाफा येत होत्या. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

तिनं ताटली माझ्यापुढे केली आणि माझ्या तोंडून निघालं, "नो, नो, फ्लोरेन्स! मी आत्ताच खाऊन निघाले."

जित्याची खोड, दुसरं काय!

"बरं," फ्लोरेन्स म्हणाली आणि ताटली घेऊन शांतपणे आत निघाली.

मी आ वासून त्या ताटलीकडे बघत राहिले. शेजारी खुसखुस ऐकू आली. ईशा दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती. मग तिला ते आवरेना. सकाळपासून रडलेली पोरगी हसता हसता खुर्चीवरून घसरायला आली.

"काकू, यू आर सो हंग्री!"

फ्लोरेन्स दाराशी थांबली होती. माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "तुला भूक आहे?" तिनं मला विचारलं.

"खूप."

"मग नाही का म्हणालीस?"

मी तिला सगळी पद्धत समजावली. पाहुण्यानं नको म्हणायचं, घरच्यानं आग्रह करायचा. पाहुण्यानं पोटावर हात ठेवायचा, घरच्यानं तरीही वाढायचं.

"किती वेळा?"

"तीनदा. जावई असेल तर पाच-सहादा."

"आणि तोवर जेवण गार होतं?"

"होतं."

फ्लोरेन्स मोठ्यानं हसली. मग खुर्ची ओढून बसली आणि तिचा चेहरा बदलला. "माझ्या आईच्या घरी एका वेळचं पीठ असलं तरी आलेल्याला ताट मिळायचं," ती म्हणाली. "ते नाकारणं म्हणजे आमचं घर नाकारणं. या मुलीनं तीन दिवस माझं घर नाकारलं. मला फार वाईट वाटलं. आणि काळजीही वाटली. तिथे दोन वर्षं ही कुणाच्या घरी जेवणार?"

ईशा उठली. दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "फ्लोरेन्स, मला वाढा. प्लीज." दोन्ही हातांनी घ्यायचं, हे ती विसरली नव्हती.

आम्ही दोघी जेवलो. मी दुसऱ्यांदासुद्धा घेतलं. फ्लोरेन्सनं विचारल्या विचारल्या हो म्हटलं.

पण फॉर्म बदलायला ती तयार नव्हती. "जे पाहिलं ते लिहिलं," ती म्हणाली. "हिला परत राहू दे. तीन दिवस. मी परत बघीन. नवा फॉर्म आण."

ईशा राहिली. न्सिमा ढवळून तळहाताला फोड आला. मका सोलला, कोंबड्यांच्या मागे धावली. नव्या फॉर्मवर फ्लोरेन्सनं रेडीवर खूण केली आणि शेरा लिहिला, 'सगळं खाते. जरा जास्तच खाते.'

आता उदयरावांना कळवायचं होतं. हे काम मला बादलीच्या क्लासपेक्षा जड गेलं.

"ती पास झाली," मी म्हटलं. "आधी नापास झाली होती ती माझ्या चुकीनं. तुमच्या सांगण्यावरून नाही."

"ताई, आम्हाला वाटलं होतं की..."

"उदयराव, तिला जायचंय का, हे तुम्ही तिला विचारलंत?"

"शंभरदा विचारलंय!"

"शंभरदा विचारलंत म्हणजे नव्व्याण्णव वेळा तिचं उत्तर खरं मानलं नाहीत. तो आग्रह झाला. एकदा विचारा. आणि ती म्हणेल ते खरं धरा."

मला वाटलं, आता हे माझ्यावर चिडणार. ते फक्त "हं" म्हणाले.

निघायच्या दिवशी दोघंही फ्रीमाँटहून आले. एअरपोर्टवर चेक-इन झालं. ईशाची आई डोळे पुसत होती. उदयरावांनी ईशाच्या बॅगेचा पट्टा उगीचच घट्ट केला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "ईशा, तुला जायचंय?"

"हो, बाबा."

"बरं."

दुसऱ्यांदा विचारलं नाही. पट्टा सोडला आणि मागे सरकले. मुलीला निरोप देणारे खूप बाप मी या नोकरीत पाहिलेत, पण त्या दिवशी माझेही डोळे भरून आले.

याला आता सात महिने झाले. ईशाचे व्हॉइस मेसेज येतात. दुकानदाराच्या सोलर पॅनेलवर फोन चार्ज झाला की एकदम चार-पाच. ती गणित शिकवते. एका बाकावर पाच पोरं बसतात आणि खडू संपला की सगळे शेजारच्या वर्गातून मागून आणतात. शाळा तिच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे, पण पोचायला पाऊण तास लागतो, कारण वाटेतल्या प्रत्येकाला तू कसा उठलास हे विचारावं लागतं. हातपंपाच्या रांगेत ती पहिल्या आठवड्यात बायकांची करमणूक होती. अर्धी बादली तिच्या पाठीवरच सांडायची. आता डोक्यावरची पूर्ण बादली घरी पोचते, फक्त मानेनं मागे वळून बघता येत नाही. तिची यजमानीण, जिला ती अमाई म्हणते, रोज संध्याकाळी एकदा हाक मारते. ईशा पहिल्या हाकेला पोचते. एकदा तापानं आठ दिवस पडली होती, तेव्हा अमाईनं तिला पेज भरवली. हे उदयरावांना महिन्याभरानं कळलं. त्यांनी मला फोन करून फक्त एवढंच विचारलं की अमाईला इथून काय पाठवलं तर चालेल.

या सगळ्यातून मी एक धडा घेतला. प्रश्न काकूला विचारलेला असला तरी उत्तर ट्रेनरनं द्यायचं. दारव्ह्यानं मला बादली शिकवली, मलावी नाही शिकवलं.

हँडबुकात मी एक ओळ वाढवायला सांगितली, 'जेवायला विचारलं की पहिल्यांदाच हो म्हणा. दुसऱ्यांदा कोणी विचारणार नाही.' डायनानं ती वाचली आणि म्हणाली, "शैला, इतकी साधी गोष्ट कुणाला लिहून सांगावी लागेल का?"

मी म्हटलं, "पुढच्या बॅचमध्ये दोन आडनावं आमच्याकडची आहेत. राहू दे ती ओळ."