काशप्पाच्या वाटणीचा पिच्चर

बीदरच्या टॉकीजमधून रामकिशन बाहेर आले तेव्हा त्यांचं डोकं भणभणत होतं. देवा रे, काय तो पिच्चर! एका सासऱ्याच्या मागं तीन जावई लागलेले, आणि का लागलेत ते कुणालाच ठाऊक न्हाई. कुणी तेलावरून घसरतो, कुणी पाकाच्या कढईत बसतो, कुणाच्या डोक्यावर परात आदळते, आणि दर पडण्याला मागून ढॅण्‌ढॅण्‌ वाजतं. ना स्टोरी, ना डोळ्यात पाणी येईल असा एक सीन. पोरंसोरं खुर्च्या बडवून हसत होती. रामकिशनना मात्र कधी एकदा संपतंय असं झालेलं. पण मधनंच उठून जायची सोय नव्हती, कारण हा पिच्चर त्यांनी स्वतःसाठी बघितलाच नव्हता. तो काशप्पाच्या वाटणीचा होता.

भालकीच्या बाजारात रामकिशनचं भांड्यांचं आणि काशप्पाचं किराण्याचं दुकान एकमेकांना खेटून. दोघंही पिच्चरचे वेडे, पण दोन्ही दुकानांना एकदम कुलूप कसं लावणार? म्हणून तरुणपणीच ठरलं, एकानं जाऊन बघायचा, दुसऱ्यानं दोन्ही दुकानं सांभाळायची, आणि दुसऱ्या दिवशी बघणाऱ्यानं तो पहिल्या पाटीपासून शेवटापर्यंत सांगायचा. पुढं पोरं हाताशी आली, टीव्ही आला, पिच्चर फोनात घुसले, तरी ही सांगासांगी काही सुटली न्हाई. जमायचं न्हाई ते एकाच गोष्टीत. रामकिशनना गळा दाटून आणणारा पिच्चर लागायचा आणि काशप्पाला नुसती पडापडी.

“रडायला घर हाय की,” काशप्पा म्हणायचा. “त्यासाठी बीदरला कामून जायचं?”

“आन्‌ माणसं आपटलेली बघायला जायचं व्हय? लेका, तुझ्यापरीस जनावरं बरी.”

ह्या भांडणात दोघांचे केस पांढरे झाले.

मग दिवाळीनंतर काशप्पा न्हाणीत घसरला. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, हाडही जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चालवा. पण गड्यानं मनच काढून घेतलं. भिंतीकडं तोंड करून पडायचा, घास पुढं केला की ओठ गच्च मिटायचा. त्याच्या बायकोनं, निलम्मानं, अंबील पाजून बघितली, रडून बघितलं, कानडीत शिव्या घालून बघितल्या. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं काढलं तेव्हा ती रामकिशनच्या दुकानात आली. “अण्णा, त्यास्नी आवडतो तसला एक पिच्चर बघून या. तुमचंच ऐकतील.”

परतीच्या बसमध्ये रामकिशनचे गुडघे ठणकत होते, पण खरा शीण तो नव्हता. पडूनच अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडायच्या गोष्टी सांगायच्या? त्याला वाटायचं, हा चिडवायलाच आलाय. आणि नाहीच ऐकलं त्यानं तर? काशप्पाशिवाय कुणाशी भांडायचं? बाजूच्या गल्ल्यावर तो नसला की आपलं शटर तरी कशाला वर करायचं, असं त्यांना हल्ली रोज सकाळी वाटायचं.

दुसऱ्या दिवशी ते काशप्पाच्या खाटेशी जाऊन बसले. निलम्मा अंबिलीची वाटी घेऊन उशाशी बसली होती. रामकिशननी पिच्चर सांगायला घेतला. सासरा आला. तेलावरून घसरला. मागून ढॅण्‌ढॅण्‌ वाजलं. तोंडानं सांगितल्यावर तो पिच्चर आणखीच भिकार वाटायला लागला. काशप्पाची पाठ हलली न्हाई.

रामकिशनचं टाळकं सरकलं. “ऐकायलास का? का भिंतीलाच सांगू?”

 मग भिंतीकडूनच बारीक आवाज आला, “कसा पडला?”

“कसा म्हंजे? पडला.”

“फुडं का मागं?”

आता आली का पंचाईत! रामकिशन उठले, गुडघ्यावर हात ठेवून जपून खाली बसले. काशप्पानं कष्टानं मान वळवली होती. “ह्ये पडणं व्हय? पंगतीला बसल्यावानी बसलास.”

“थांब, दावतो तुला!” रामकिशन तणतणत दारापर्यंत गेले. सासऱ्यासारखा धोतराचा सोगा धरला, छाती काढून ऐटीत आले, पाय घसरवला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि कोपऱ्यातल्या गोधड्यांच्या ढिगावर धाडकन आडवे झाले. टोपी खाटेखाली गेली. लाथ लागून तांब्या उडाला तो खणखणत अंगणापर्यंत गेला.

काशप्पाच्या घशातून आधी नुसती शिट्टी निघाली. मग खाट हलायला लागली. तो हसत होता, तोंड वासून, डोळ्यातून पाणी काढत. हसू जरा ओसरलं, तोंड अजून उघडंच होतं, तेवढ्यात निलम्मानं चमचा आत सारला. काशप्पा दचकला आणि गिळून बसला.



“फुडं?” काशप्पा म्हणाला.

रामकिशन गोधड्यांवर तसेच पडून होते. कंबरेत कळ आलेली, उठायचा दम न्हाई. त्यांनी निलम्माकडं बघितलं. “अक्का, वाटीत किती ऱ्हायलंय?”

“सगळंच की, अण्णा.” ती पदरानं डोळे पुसायला लागली.

रामकिशननी खाटेचा पाय धरला आणि कण्हत उभे राहिले. “भिकार पिच्चर हाय बघ, काशप्पा,” ते म्हणाले. “अजून तिन्ही जावई पडायचे हाईत.”