विमान ओढणारे

पाटलांची पहिली काठी माझ्या मनगटावर बसली. तो हात मी विमानाच्या दारावर ठेवला होता.

सकाळपासून त्याच विमानाला माझे हात लागत होते. तेव्हा कुणाला विटाळ झाला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. पारोळ्याजवळचं आमचं गाव. टपाल आणि दोन प्रवासी घेऊन इंदूरकडे निघालेलं छोटं विमान पेट्रोल संपत आलं म्हणून पाटलांच्या कपाशीत उतरलं. भिजलेल्या काळ्या मातीत चाकं रुतली. पेट्रोलचे डबे पारोळ्याहून येणार होते, पण उडायला कडक जमीन हवी, म्हणजे विमान आधी माळावर न्यायला हवं. पाटलांचा गोठा बैलांनी भरलेला. एकही जुंपला नाही. बैल बुजतील म्हणे. महारवाड्यात सांगावा आला. गावातलं मेलेलं ढोर आम्हीच ओढायचो. जे जे पडेल ते महारांनी ओढायचं, असा त्यांचा हिशेब.

"दोर लई या. बठ्ठा जण या," पाटील ओरडले. "ढोर वढतस तसं वढा."

दोर तेच होते. कालपरवाच त्या दोरांनी मेलेली म्हैस ओढली होती, वास गेला नव्हता. एक दोर माझ्या बापानं खांद्यावर घेतला, एक मी. मी धुळ्याला बोर्डिंगात राहून नुकताच मॅट्रिक झालो होतो. माणसं बसवून विमान चालवायचं, हाच धंदा करायचा, हे माझं तिथंच ठरलं होतं. बापाला सांगितलं तेव्हा तो हसला नव्हता. "कर, बेटा," एवढंच म्हणाला होता.

दुपारपर्यंत ओढलं. खांदे सोलले. विमान माळावर आलं आणि लगेच देव झालं. हळद, कुंकू, नारळ. पाटलीणबाईंनी हार घातला. आम्हाला लांब हाकललं.

मला राहवलं नाही. मी पुढे गेलो, दारावर हात ठेवून आत पाहिलं आणि वैमानिकाला विचारलं, "साहेब, हे शिकायला कुठं जावं लागतं? मला प्रवासी विमान चालवायचंय."

गोरा नव्हता तो. इथलाच, शुद्ध मराठी बोलणारा. त्यानं माझ्या खांद्यावरचा दोर पाहिला.

"तू चालवणार? मग आत बसणार कोण?"

दोन्ही प्रवासी पोट धरून हसले. तेवढ्यात काठी बसली.

"हात काढ तठून! पूजा व्हयी जायेल शे, दिखत नही का तुले?"

दुसरी काठी कानावर. रक्त मानेवर आलं. बाप हात जोडून आडवा आला. "आबा, मना आंडोर शे, लेकरू शे. मारू नका त्याले."

तिसरी काठी बापाच्या तोंडावर. त्याचे दात मातीत पडले. भरल्या तोंडानं तो मला म्हणाला, "आबाना पाय धर."

मी पाय धरले नाहीत. काठी धरली. विमान ओढलेले हात होते, एका हिसक्यात पाटील तोंडावर आपटले. तीच काठी मी त्यांच्या पाठीत घातली. पुन्हा घातली. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मग गाव माझ्यावर तुटून पडलं. बरगडी मोडली. पेट्रोल भरून विमान उडालं, तेव्हा वैमानिकानं खाली पाहिलं असेल तर त्याला मी त्याच दोरांनी बाभळीला बांधलेला दिसलो असेन. संध्याकाळी आमचं घर पेटवलं. आम्ही भुसावळ गाठलं. बाप रेल्वेचा कोळसा उपसत मेला. शेवटपर्यंत भाकरी कुस्करून खायचा, चावता येत नव्हती.

युद्धात मी विमानतळावर कामाला लागलो. इंजिनं पुसली, शिव्या खाल्ल्या, शिव्या दिल्या. आता फ्लाइंग क्लबात विमान उडवायला शिकलोय. प्रवासी नेण्याच्या परवान्याची शेवटची परीक्षा राहिलीय. क्लबातले काहीजण माझ्यानंतर वैमानिकाच्या खुर्चीवर रुमाल अंथरून बसतात. बसू देत.

परवाना मी घेणारच. पहिल्या दिवशी, दार लावण्याआधी, प्रवाशांसमोर उभा राहीन. बापाचं नाव सांगेन, गाव सांगेन, जात सांगेन. ज्याला उतरायचं त्यानं तिथंच उतरावं. कुणीच उरलं नाही, तरी विमान उडवीन. रिकामं.